पेंटर

"पेंटर धर गं!" बाबा नावेतून ओरडायचे,
आणि मी धक्क्यावर, सहा वर्षांची,
ब्रशवाला माणूस शोधत राहायचे.
तोवर ओला दोर सप्पकन तोंडावर बसायचा,
हेरिंगच्या वासाचा.

न्यूफाउंडलंडच्या आमच्या खाडीत
नावेच्या नाकातल्या या वेसणीला पेंटर म्हणत.
का, ते कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं.
अझराया काका म्हणाला, कुणीतरी पहिला दोर डांबरानं रंगवला असेल.
कॉर्डेलिया म्हणाली, तो पाण्यावर रेघा ओढतो ना, म्हणून.
दोघंही थापा मारण्यात पटाईत.

महिन्यातून एकदा येणाऱ्या पाद्र्याकडे
जाडजूड कोश होता, दमट हवेनं फुगलेला.
त्यानं बोट फिरवलं, चष्मा पुसला, पुन्हा फिरवलं.
"जुनं फ्रेंच. टांगणं, लोंबणं, त्यातून आलेलं.
नांगर जहाजाच्या कुशीला जखडून ठेवायचा दोर, आधी.
पण बघ, इथं लिहिलंय: बहुधा."

मला तो 'बहुधा'च आवडला.
नांगर न टाकता नुसता टांगून ठेवायचा,
त्यासाठीही कुणाला शब्द लागला होता.

मग सरकारचं पत्र आलं. खाडी सोडा.
माणशी इतके डॉलर.
ऑगस्टच्या एका शांत भरतीला
आमचं घर ओंडक्यांवरून घसरत पाण्यात उतरलं,
कमरेला तेलाची रिकामी पिंपं बांधून.
पुढे सहा मोटरबोटी. खिडक्यांत पडदे तसेच.
आईनं चूलही विझवली नव्हती, असं लोक अजून सांगतात.
खोटं आहे. तिनं राखसुद्धा भरून घेतली होती.
घरामागे आमची रिकामी नाव,
पेंटर मागच्या दाराच्या कडीला.

नव्या गावात बाबांना काम मिळालं,
मासळी कारखान्याच्या टाक्या रंगवायचं.
हिरवा रंग, तासावर मजुरी.
"सापडला का गं तुझा पेंटर?"
पहिल्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, नखांत हिरवं.
मी हसले. तेही हसले,
जरा उशिरा.

नाव त्याच हिवाळ्यात विकली.
घेणारा म्हणाला, दोर नको, कुजलाय.
तो शेडमध्ये आहे, खिळ्याला, चार वेढे.
कशाला बांधलेला नाही. नुसता टांगलेला.
कधीतरी काढून पुन्हा वळून ठेवते
तेव्हा तळव्यांना डांबर लागतं.
म्हणजे अझराया काकाही
अगदीच खोटं बोलत नव्हता.