बर्फाची जाडी

फेब्रुवारीत आमचं बेट बेट राहत नाही.
बाल्टिक गोठतो, आणि पलीकडच्या धक्क्यापर्यंत
नऊ किलोमीटरचा रस्ता होतो.
आर्वेद पहाटे गिरमिट घेऊन जातो,
भोक पाडून पट्टी सोडतो,
परतून फळ्यावर खडूने आकडा लिहितो.
सव्वीस सेंटीमीटर.
म्हणजे आज गाड्या सोडायला हरकत नाही.

या रस्त्याचे नियम उलटे आहेत.
सीटबेल्ट बांधायचा नाही.
दार पुरतं लावायचं नाही.
आणि मध्ये थांबायचं तर अजिबात नाही.
भरवसा ठेवायचा, पण निसटायची तयारीही ठेवायची.
मला हे प्रामाणिक वाटतं.
देवळाच्या दारावर हीच पाटी लावू या का,
असं मी एकदा पाळकबाईंना विचारलं.
त्या हसल्या. नाही म्हणाल्या नाहीत.

मी ऑर्गन वाजवते.
माझ्या लहानपणी त्या देवळात राय साठवायचे;
कुणीतरी ऑर्गनची एक नळी वितळवून
जाळ्याला शिसं म्हणून बांधली.
ती जागा अजून रिकामीच आहे.
तो सूर दाबला की नुसती हवा येते,
आणि खाली बसलेली चौदा माणसं
तेवढा सूर आपल्या आपण गातात.

लोक मला विचारतात, संशय कधीपासून?
कुणी गेलं का घरातलं?
नाही हो. नवरा ठणठणीत आहे, हेरिंग खारवतो,
मुलगी तार्तूला दात काढायला शिकते आहे.
एका मंगळवारी बीट सोलत होते,
आणि वाटलं, ऐकणारं कुणी नसलंच तर?
हात मनगटापर्यंत लाल झाले होते,
बाकी काही आठवत नाही.

तेव्हापासून अकरा वर्षं
तो माझ्या बाकावर शेजारी बसतो,
पानं उलटतो.
वेळेवर उलटतो, हे कबूल करायला हवं.

आर्वेद म्हणतो, कडाडतो तो बर्फ धरून असतो.
एकदम गप्प झाला, की भ्यायचं.
त्याचं बर्फापुरतंच म्हणणं होतं.
मी उगाच पुढे नेलं.

होडीतून उतरलेल्या त्या कोळ्याचं मला नेहमी वाटतं,
तो चालत होता तेव्हा त्याने काही मागितलं नाही.
बुडायला लागला, तेव्हा हात पुढे केला.
आमच्याकडे तर म्हशीएवढे ट्रकही पाण्यावर चालतात,
त्यात कुणाला काही वाटत नाही.

आज रविवार. बाईंना आणायला गेले होते.
परतताना धुकं उतरलं.
बर्फात रोवलेली जुनिपरची एक फांदी दिसायची,
ती मागे गेली की पुढची.
दोन कधी एकदम दिसल्या नाहीत.
खाली कुठेतरी लांबलचक काहीतरी तडकलं,
कापड फाटावं तसं, पार किनाऱ्यापर्यंत.

प्रभुभोजनाचा द्राक्षारस गुडघ्यांत धरून
बाईंनी विचारलं, "आज किती आहे?"
मी फळा पाहिलाच नव्हता.
तसं सांगितलं.

त्यांनी पट्ट्याला हात लावला नाही.
दार तेवढं थोडं किलकिलं केलं,
गार वारा आत आला,
मग विचारलं, पहिलं स्तोत्र कोणतं घेतलंस.
म्हटलं, ते.
ज्यात आपली ती नळी तीनदा येते.