रिकामा हात

कोंबडीची हाडं जाळून मी त्यांची पूड केली,
थुंकीत कालवून कागदावर चोळली.
मेस्त्री बिंदो म्हणाले,
आता यावर चांदीची काडी चालेल.
पण जपून. हिचं काही खोडता येत नाही.

इस्पितळाच्या नन्सना संत अपोलोनिया हवी होती,
दाढदुखीवाल्यांची.
म्हणून बिसेन्झिओच्या काठावरून
दियानोरा परटिणीला बोलावलं,
दुपारभर उभं राहायचं, सहा अंडी घ्यायची.

हातात चुलीतला चिमटा दिला.
हा कशाला, तिनं विचारलं.
मी सांगितलं, असल्याच चिमट्यानं तिचे दात उपटले.
"आणि तोच घेऊन ती उभी राहते?"
"मग लोकांनी ओळखायचं कसं?"

भिंतीवरचे बाकीचेही दाखवले तिला:
लोरेन्झो, ज्या जाळीवर भाजला तिला रेलून,
शिडीला रेलावं तसा निवांत.
लुचिया. दोन डोळे तबकात,
दोन चेहऱ्यावर, तेही उघडे.
बार्तोलोमेओ, स्वतःची सोललेली कातडी
हातावर टाकून.
तिथं ती बराच वेळ थांबली. म्हणाली,
"एवढं पिळायला दोघं लागतील."

मी हसलो.
मेस्त्री हसले नाहीत.
त्यांनी चेहरा काढला, मान, डोक्यावरच्या रुमालाची चूण,
मनगटापाशी आले
आणि चिमटा परत मागून घेतला.
राखेच्या पाण्यानं चिरलेली बोटं
एकेक भेग मोजत काढली,
दिवेलागणीपर्यंत.
चिमटा नंतर घालू, म्हणाले.

त्या शरदात गावात ताप आला.
नन्सचे पैसे कफनांत गेले,
चित्र राहिलं.
इस्पितळाच्या चादरी दियानोराकडेच जायच्या,
गाठोडी बांधून, रोज.
नाताळच्या आधी नदीवर
तिच्या दगडाशी दुसरीच कुणी वाकलेली दिसली.

आता मेस्त्रीही नाहीत. कागद माझ्याकडे आहे.
चांदीची रेघ वर्षांनी तपकिरी होते,
तशी ती झालीय, उन्हातल्या कातडीसारखी.
गिऱ्हाईक विचारतं, ही कुठली संत?
हातात तर काहीच नाही.

एकदा रात्री मी त्या हातासाठी
चादर काढून पाहिली, वेगळ्या कागदावर.
घड्या बरोबर पडल्या, सावलीही.
पण ती ओली वाटेना.