इतिवृत्त : विषय क्रमांक चार

इतिवृत्त मी लिहिते.
अक्षर बायकांचंच चांगलं, असं सेक्रेटरी मढवी
सात वर्षांपूर्वी म्हणाले, आणि मी तेव्हा
खूश झाले होते, हे आधी नोंदवून ठेवते.

घणसोली. रविवार, सकाळचे साडेदहा.
स्टिल्टमध्ये सतरा खुर्च्या.
कोरम नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब,
मग त्याच सतरा माणसांत कोरम पूर्ण.

विषय चार : तीनशे दोन भाड्याने कोणाला.
अर्ज दोन.
सुहृद गायकर, वय एकोणतीस, नेरूळच्या इस्पितळात नर्स.
(‘नर्स?’ असं तिघांनी विचारलं. मी एकदाच लिहिलं.)
ऋजुता वाळिंबे, ऐरोलीच्या कंपनीत, रात्रपाळी.

वैतीकाकू म्हणाल्या, एकटा पुरुष नको, घरात पोरी आहेत.
शिर्के म्हणाले, एकटी बाई नको, घरात पोरं आहेत.
दोघं एकाच मजल्यावर राहतात.

मग वाद पेटला आणि तीनशे दोन मागेच राहिला.
कोणी म्हणालं, बसमध्ये राखीव सीट, वेगळी रांग,
आणि वर म्हणे अन्याय.
कोणी म्हणालं, घ्या ना सीट,
बसल्यावर शेजारून जो कोपर लागतो तोही घ्या.
पेडणेकर हळूच म्हणाले, मुलगी मला महिन्यातून दोन तास भेटते,
मॉलच्या फूड कोर्टात.
ते पुढे कोणी नेलं नाही.
मीही ‘चर्चा झाली’ एवढंच लिहिलं.

चहाला चार बायका न सांगता उठल्या.
टेबल उचलायला तीन पुरुष न सांगता उठले,
त्यातल्या काळसेकरांचं मार्चमध्ये हर्नियाचं ऑपरेशन झालंय.
बसा म्हटलं तर म्हणाले, छे, एवढ्याला काय.

अर्जदारांना बोलावलं.
सुहृद म्हणाला, भाचीला पाळणाघरातून आणायला गेलो,
गेट उघडलं नाही. ताई येईपर्यंत
ती जाळीच्या आत, मी बाहेर,
आम्ही जाळीतून एक केळं अर्धं अर्धं खाल्लं.
ऋजुता म्हणाली, आत्ता राहते तिथे वॉचमन
माझी यायची वेळ वहीत लिहितो.
भाऊ माझ्यासोबत येतो. त्याची लिहीत नाही.
कोणाचं जास्त, असं शिर्क्यांनी विचारलं.
ती त्याच्याकडे बघायला लागली, तो चपलांकडे.

हात वर करायची वेळ आली.
मी केला. मढवी म्हणाले, वहिनी,
फ्लॅट भाऊंच्या नावावर आहे ना?
खरं आहे. बारा वर्षांचे हप्ते
त्याच्या एकट्याच्या पगारातून गेले.
बाळंतपणानंतर मी नोकरी सोडली तेव्हा
तू सोडतोस का, असं त्याला कोणी विचारलं नाही.
सोडायची आहे का, असं मलाही नाही.
कोणी म्हणजे आम्हीच.
माझा हात खाली आला तसा त्याचा वर गेला.
कोणासाठी, हे त्याने अजून सांगितलेलं नाही.

ठराव : तीनशे दोन फक्त कुटुंबाला द्यावा.
एकमताने, असं लिहा, मढवी म्हणाले.

रात्री कचरा टाकायला खाली गेले.
आपल्याही गेटवर वही आहे.
वॉचमन मोटर बंद करायला गेला होता, म्हणून उघडली.
‘४०४ मॅडम, ११.२०.’
नणंदेच्या मुलीच्या हळदीहून आलो ती रात्र.
नवरा बरोबर होता, हातात उरलेल्या जिलेबीचा डबा घेऊन.
त्याचं नाव नाही. वेळ नाही.
वाटेत तो कुठे राहिला असता
तर या वहीला पत्ता नसता.

वर येऊन ‘एकमताने’मधला ‘एक’ खोडला.
‘मताने’ उरलं. तेही बरं दिसेना.
मुलगा म्हणाला, आई, भूक लागलीय.
अंडं उकड, म्हटलं.
सोळाचा आहे. लायटर उलटा धरून
गॅससमोर उभा राहिला.
नऊ वर्षांचा असताना रडला होता,
तेव्हा ‘मुलगी आहेस का’ असं मीच म्हटलं होतं. ते कुठल्याच वहीत नाही.
उठले. लायटर सरळ केला.
पेनाचं टोपण लावायचं राहिलं.