माशाचा शुक्रवार

उलानबातरला समुद्र
दर दुसऱ्या मंगळवारी येतो, मालगाडीनं,
खोक्यांत, पांढऱ्या विटांसारखा रचून.
सही मी करते. वजन दुलमा बघते.
बाहेर उणे तीस.
फ्रीझर बिघडला तर बाल्कनी आहेच.

दुलमानं समुद्र पाहिलेला नाही. मीही नाही.
तिच्या आईकडे मासा कुणी खात नसे.
ज्याला पापण्या नाहीत तो रात्रंदिवस बघत असतो,
आणि बघणाऱ्याला कसं खायचं?
तरी पिठात बिअर किती ओतायची,
बटाट्याचे काप दोनदा का तळायचे,
हे तिच्याइतकं या शहरात कुणाला कळत नाही.
ती चाखत नाही. कानानं तळते.
तेलाचा आवाज बारीक झाला की म्हणते, काढ.

शुक्रवारी खाणीतली माणसं गोबीतून विमानानं येतात.
दारात बूट आपटतात, चष्म्यांवर वाफ,
कोटांचा ढीग खुर्चीवर पाचव्या माणसासारखा.
भिंतीवर त्यांच्या देशाचा किनारा आहे,
मालकानं मागवून चिकटवलेला,
नळ गळतो तिथं लाटेला पोपडे आलेत.
एकमेकांना विचारतात, तुझी किती राहिली?
आठवडे विचारतात ते, सुट्टीपर्यंतचे.
नवी होते तेव्हा मला वाटायचं,
हे सगळे शिक्षा भोगायला आलेत.

डेसमंड मात्र एकटा बसतो, रेडिएटरजवळ.
टास्मानियाचा. ड्रिलची दुरुस्ती करतो,
उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत,
म्हणून व्हिनेगरची बाटली डाव्यानं उघडतो.
पहिला घास घेतो, डोळे मिटतो,
आणि मी पाण्याचा जग घेऊन उभी राहते
दर शुक्रवारी तोच एक शब्द ऐकायला:
जवळजवळ.

नऊ वर्षं. जवळजवळ.
दुलमाला मी आत जाऊन सांगायची.
ती कढई घासत म्हणायची,
याचं लग्नही असंच मोडलं असणार.

एका उन्हाळ्यात तो घरी जाऊन आला.
भावाबरोबर बोटीतून गेला होता म्हणे,
गळाला लागलेला मासा तासाभरात ताटात.
मी विचारलं, मग?
बराच वेळ तो पोपडे आलेल्या लाटेकडे बघत राहिला.
फार ताजा होता, म्हणाला,
तक्रार केल्यासारखा.

मग तांब्याचा भाव पडला.
तांब्याच्या भावाशी माझा काय संबंध,
असं मी बहिणीला म्हणाले होते, मार्चमध्ये.
मेपर्यंत बारापैकी आठ टेबलं रिकामी.
कोट ठेवायला खुर्च्याच खुर्च्या,
आणि कोट घालायचे दिवस संपलेले.
मालकानं जागा एका कोरियन माणसाला दिली,
त्यानं मोजमाप घेताना किनाऱ्यावर पेन्सिलनं आकडे लिहिले.

डेसमंडचा निरोप असा काही झाला नाही.
एका शुक्रवारी आला, पुढच्या आला नाही.
बशीखाली पैसे होते, नेहमीपेक्षा बरेच जास्त,
आणि बाटली. अर्धी. ती मी पर्समध्ये टाकली,
आता घरी मुलगा बूझवर व्हिनेगर ओततो
आणि सासूबाई तोंड फिरवून बसतात.

शेवटच्या रात्री फ्रीझरमध्ये चारच तुकडे उरले होते.
फेकायचे कसे?
दुलमानं सगळे तळले. आम्ही उभ्याउभ्याच खाल्ले,
मी, बशा धुणारा गानबोल्द,
चौकीदार, त्याचं ते खोकणारं पोर.
एक तुकडा उरला. सगळे तिच्याकडे बघायला लागलो.

तिनं तो उचलला,
आधी नीट न्याहाळला, पापण्या शोधत असल्यासारखा,
मग तोंडात टाकला. चावत राहिली.
बाहेर कुणाच्या तरी गाडीचा अलार्म वाजून थांबला.

मीठ कमी आहे, दुलमा म्हणाली.
कढई अजून तिच्या हातात होती.
नऊ वर्षं,
मेल्यांनो,
कुणी बोलला का नाहीत?