चौथी ओढ

बार्तांगच्या वाटेवर दरड आलीय.
खोरोगचा रस्ता आज रात्रीपुरता नाहीच असं समजायचं.
जर्रागुल दुपारपासून अडलीय.
पायांत घरचे विणलेले जुराब,
लाल, त्यावर पिवळ्या शिंगांचे वळसे.
तेवढे काढू दिले नाहीत तिने.
म्हटलं, राहू देत,
माणसाला काहीतरी स्वतःचं लागतं अशा वेळी.

ओयात, तू नवी आहेस म्हणून सांगते.
कपाला हात लावायच्या आधी
मागच्या खोलीत झोपलेल्या दावलतमामदला उठव.
जनरेटरमध्ये डिझेल आहे का, झाकण उघडून बघ,
कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस.
मूत्राशय रिकामं कर.
मग बोटांनी वाच: टाळू कुठे, शिवण कुठून कुठे,
डोकं किती खाली.
डोळे मीट हवं तर. मी अजून मिटते,
तिसावं वर्ष आहे.
कप शिवणीवर, मागच्या टाळूच्या दोन बोटं पुढे,
कडेने बोट फिरव,
आईचं काही त्यात अडकलेलं नको.

आणि वाट बघ.
एक कळ पंपाची, ती आपल्या हातात.
दुसरी तिची, ती आपली नाही.
ती जोर करेल तेव्हाच ओढायचं,
आधी खाली, मग समोर, मग वर.
तंदूरच्या भिंतीवरची नान आपण ओरबाडतो का?
सुटायला आली की हाताला कळतं.

तीन ओढी. वीस मिनिटं.
कप दोनदा निसटला तर तिसऱ्यांदा लावायचा नाही.
हे भिंतीवर लिहिलंय ना हिरव्या ऑइलपेंटने,
ते माझंच अक्षर,
सत्त्याण्णवच्या हिवाळ्यानंतरचं.

त्या हिवाळ्यात वीज नव्हती, डिझेल नव्हतं.
तिसऱ्या ओढीला डोकं नखभर सरकलं,
की मला तसं वाटलं.
त्या नखभरावर मी चौथी ओढली.
मग पाचवी.
मुलगी झाली. रडलीही. सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या.
रात्रीतून कातडीखाली रक्त साचत गेलं,
डोकं भिजल्या कणकेसारखं,
कानांमागून मानेपर्यंत.
नेकबख्त नाव ठेवलं होतं, म्हणजे नशीबवान.
दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते नाव वापरलं.

पुष्कळदा दुसऱ्याच ओढीला मूल हातात येतं, ओयात.
पोटाला टाका नाही,
पुढच्या उन्हाळ्यात ती बाई छपरावर चढून जर्दाळू वाळवते.
म्हणून तर हा पंप मी टाकून दिला नाही.
त्याला मोजता येत नाही.
मोजायचं मला होतं.

*

पहिली. सरकलं.
दुसरी. थोडं.
फट् करून कप सुटला. पुन्हा लावला.
तिसरी.
काही नाही.

ओयातच्या मनगटावरची शीर तट्ट फुगलेली.
'अजून एकदाच,' ती म्हणाली, 'येईल, मला कळतंय.'
जर्रागुलही म्हणाली, 'ओढा.'
मलाही वाटत होतं, येईल.
ओढ आपल्यालाच असते. तेच तर.
मी पंपाची कळ सोडली,
हवा सुस्कारा टाकत आत शिरली.
म्हटलं, थांबलो.

चाळीस पावलं. स्ट्रेचर हातांवर,
कारण त्याचं चाक गेल्या वर्षीच मोडलंय.
जनरेटर दोनदा खोकला, मग लागला.

पहाटे मुलगा.
डोक्यावर कपाएवढा उंचवटा.
शिरिनबेक बाप झाल्याचं विसरून विचारतो, हे काय?
उद्यापरवा उतरेल, मी म्हणते,
आणि तरी तासातासाला बोटांनी चाचपत राहते.

ओयात बोलत नाही माझ्याशी.
तिला वाटतं, ती हरली.
शिरचाय तिच्यापुढे निवून गेलाय,
लोण्याची साय धरलीय वर.
धावपळीत जर्रागुलचा एक जुराब कुठेतरी पडला,
तो शोधायला मात्र उठते.

सहा वाजता. सात. आठ.
उंचवटा जिथे होता तिथेच आहे,
तेवढाच.