शून्य ते चार

कपाटाची किल्ली उद्या नौफच्या हाती द्यायची,
म्हणून फहाहीलच्या या खोलीत
सव्वीस वर्षांचे कागद उपसत बसले आहे.
एसीचं पाणी बादलीत टपटपतंय.
पानापानावर तेच: गेल्या महिनाभरात,
शून्य म्हणजे मुळीच नाही,
चार म्हणजे अतोनात.

चौऱ्याण्णवला आले तेव्हा
तेलविहिरी विझून तीन वर्षं होत आली होती,
तरी बायका दोरीवरचे कपडे
हुंगून मगच घडी घालायच्या.
हेस्सा, उम्म फवाझ,
दाराकडे पाठ करून कधी बसली नाही.
भावाला नेलं ती रात्र विचारली की
वेलदोड्याची कॉफी ओतायची.
"शून्य लिही," म्हणायची, "आज पाहुणी आहेस."
मी लिहिलं.
माझ्या पहिल्या निबंधात ते शून्य आहे अजून,
सरासरीत विरघळलेलं.

प्रश्नावली मराठीत आणली ती दत्ताराम भुवडमुळे.
गुहागरचा क्रेनवाला. शुऐबाच्या धक्क्यावर
साखळी तुटली, तेव्हा खाली त्याचाच भाचा उभा होता.
प्रश्न सात:
त्या घटनेच्या आठवणी वारंवार येतात का?
त्यानं पेन खाली ठेवलं.
"मॅडम, आठवण घरची येते. फणसाची येते.
ह्ये येत नाय. ह्ये हितंच असतं."

तीन रात्री मी क्रियापद शोधत होते.
मग समिती, उलट भाषांतर, सह्या,
आणि छापलं तेच जुनं वाक्य,
कारण बाकी अकरा देशांत तेच होतं,
आणि तुलना व्हायला हवी होती.

झाली तुलना. तक्ते देखणे आले.
जिनिव्हात कुणीतरी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

भुवडचा कागद आत्ता हाताला लागला.
सातव्याला वर्तुळ नाही.
समासात त्यानं साखळी काढलीय,
कडीत कडी, कडीत कडी,
पान संपेपर्यंत.
शेजारी लाल शाईत माझंच अक्षर:
अपूर्ण. वगळावे.

खाली मगरिबची अजान सुरू झाली.
लांब रिफायनरीची ज्योत, रोजच्यासारखी.
नौफ दारातून विचारते,
हे कुठल्या खोक्यात? ठेवायचं की फाडायचं?

तिला उत्तर द्यायला मान वळवावी लागत नाही.
माझी खुर्ची दाराकडे तोंड करून आहे.
कधीपासून, ते कुठल्याच कागदावर नाही.

बादली भरत आली आहे. कुणीतरी ओतायला हवी.