शिट्टी, तिसरा अंक

पार्माच्या नाटकगृहात आमची जागा सर्वांत वरच्या माडीवर.
लाकडी बाक, पाठीला टेकण नाही,
छतावर रंगवलेली देवता इतकी जवळ
की तिच्या अंगठ्यावरचे पोपडे मोजावेत.
खालचे लोक कपडे घेऊन येतात.
आम्ही कान घेऊन.

हॅम तपासणं हा माझा धंदा होता.
घोड्याच्या हाडाची सुई मांसात पाच ठिकाणी टोचायची,
काढायची, नाकाखाली धरायची, ठरवायचं.
पास. नापास.
पोरांना सांगायचो, विचार करू नका रे,
विचार करेपर्यंत वास उडून जातो.

एर्मेलिंदा फाव्रो गायली त्या रात्री
मी एकोणीस वर्षांचा. सुई हातात येऊन सहा आठवडे झालेले.
बाहेर बर्फ, आणि मी सकाळी सातपासून रांगेत,
तळहातावर शाईने लिहिलेला नंबर, सतरा.
तिसऱ्या अंकात ती दिवा घेऊन जिना चढते
आणि शेवटच्या पायरीवर एकच स्वर लावते,
वर, खूप वर, पण मोठा नव्हे,
बारीक होत होत केसाएवढा उरणारा.
तो तुटला.
मी दोन बोटं तोंडात घातली.
माझ्यामागून सगळी माडी.

ती पुन्हा या गावात गायली नाही.

देल्फिना झाकार्डी, बटणांच्या दुकानातली,
कांद्यांच्या पिशवीत टेपरेकॉर्डर लपवून बसायची.
तिच्या फितीची नक्कल त्रिएस्तला गेली,
नकलेची नक्कल लियाँला, तिथून ओसाकाला.
तिथल्या कोणा दंतवैद्याने बारीक अक्षरात टिपण केलंय:
एक्केचाळिसावं मिनिट. शिट्टी. अनोळखी इसम.

अनोळखी इसमाकडे फाव्रोच्या अकरा तबकड्या आहेत.
एक लिस्बनची, वेष्टनावर नाव चुकलेलं.
एक मधोमध तडकलेली, ती लावत नाही, पुसतो फक्त.
आणि एक फोटो, कपाटाच्या दाराला आतून.
ओनोरिना एकदा मोजे शोधताना म्हणाली,
सावकाराचा फोटो कोणी घरात लावतं का?
तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

नातवाने फीत साफ करून दिली मागच्या हिवाळ्यात.
कांद्याच्या सालींची खसखस गेली, कोणाचा तरी खोकला गेला,
कानात दोन छोटे गोळे घालून मी स्वयंपाकघरात बसलो.
जिना. दिवा. तिच्या झग्याची सळसळ,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलेली.
श्वास, हो, थोडा उथळ घेतलेला.
स्वर. बारीक. अजून बारीक.
शिट्टी.
आणि मग तुटतो.

मी पुन्हा लावलं.
फीत ताणलेली असेल.
नकलेच्या नकलेत अर्धा श्वास इकडचा तिकडे होतो,
नातू म्हणाला, आजोबा, होतं असं.
मी पुन्हा लावलं.
श्वास उथळ होता, हे मला तेव्हाच कळलं होतं.
पुढे काय होणार ते कळलं होतं.
म्हणजे मी सुई टोचली,
आणि नाकाखाली धरलीच नाही.

काल तीच रचना, तोच जिना, नवी मुलगी.
तिचं आडनाव मला नीट उच्चारता येत नाही,
कुठल्या तरी उत्तरेच्या बंदरावरची, पाय मोठे, चाल थोडी शेतातली.
शेजारी पोरं कुजबुजत होती,
ती शिट्टीवाली रात्र, ऐकलीयेस?
काय हिंमत असेल ना त्या माणसाची.
मी टोपी मांडीवर सरळ केली.

ती चढली. वर पोचली.
तिचा श्वास कसा होता, सांगणार नाही,
मला अजून कळतं सगळं, तेच तर दुखणं आहे.
घसा खवखवत होता.
खिशात ज्येष्ठमधाची गोळी होती, कागदात गुंडाळलेली.
हात घातला, कागद बोटांना लागला,
आणि तसाच धरून ठेवला, न उलगडता,
स्वर संपेपर्यंत, त्यानंतरही थोडा वेळ.
कोणाच्या तरी पिशवीत
कांदे असतील.